ग्दान्स्कचा संप आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा पोप

पोलंडबद्दलचा एक मजकूर मराठी ग्रुपांवर दर काही महिन्यांनी नव्याने फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय असा: "तीस वर्षं पोलंडमध्ये धर्मावर बंदी होती. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे मायदेशी आले आणि ‘आम्हाला देव हवा’ म्हणत लाखो लोक रस्त्यावर उतरले. चर्चने कामगारांना उभं केलं. पोप आणि रेगन यांनी हातमिळवणी केली. एकही गोळी न झाडता कम्युनिस्ट पळाले. जिथे धर्म जिवंत असतो तिथे कम्युनिझम टिकत नाही." खाली हात उंचावलेल्या पोपचा फोटो आणि पाठवणाऱ्याच्या मगदुराप्रमाणे आपल्याकडच्या राजकारणावर एखादा टोमणा.

टोमण्याशी मला कर्तव्य नाही. मजकुराबद्दल मात्र बोलायला हवं. त्यात निव्वळ थापा कमी आहेत. जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या खऱ्या गोष्टीला टेकून उभं आहे, म्हणूनच ते खोडणं जरा कष्टाचं आहे. माझा मुख्य आक्षेप ‘कामगारांना उभं केलं’ या शब्दांना आहे. पोलंडचे कामगार १९५६, १९७० आणि १९७६ असे तीनदा आपणहून उभे राहिले होते. तिन्ही वेळा त्यांनी मार खाल्ला आणि दोनदा गोळ्या खाल्ल्या. १९८० मध्ये ते चौथ्यांदा उभे राहिले तेव्हा काय करायचं नाही हे त्यांना पक्कं कळलेलं होतं. ते शहाणपण कुठल्या प्रवचनातून आलेलं नव्हतं.

आता एकेक मुद्दा घेऊ.

"तीस वर्षं धर्मावर बंदी होती"

बंदी अल्बेनियात होती. तिथला कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजा याने १९६७ मध्ये चर्च, मशिदी सगळंच बंद केलं आणि १९७६ च्या राज्यघटनेत तसं कलमही घातलं. पोलंडमध्ये चर्च उघडी होती आणि रविवारी भरत होती. लुब्लिनचं कॅथलिक विद्यापीठ सगळा काळ चालू राहिलं. सोव्हिएत गोटात असं दुसरं विद्यापीठ नव्हतं. पुढे पोप जॉन पॉल दुसरे झालेले कारोल वोइतिवा तिथेच नीतिशास्त्र शिकवायचे. क्राकोवमधून एक कॅथलिक साप्ताहिक निघत होतं, सेन्सॉरच्या कात्रीतून का होईना. कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आपल्या मुलांचा बाप्तिस्मा शेजारच्या गावात जाऊन उरकायचे, ही गोष्ट तर तिथे विनोदाचा विषय होती.

छळ झाला नाही असं मात्र कोणी म्हणू नये. १९५० मध्ये चर्चच्या जमिनी गेल्या, ‘कारितास’ ही धर्मादाय संस्था सरकारने ताब्यात घेतली. १९५३ मध्ये केल्त्सेचे बिशप काचमारेक यांच्यावर हेरगिरीचा देखाव्याचा खटला चालवून त्यांना १२ वर्षांची शिक्षा ठोठावली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खुद्द पोलंडचे धर्मप्रमुख कार्डिनल विशिन्स्की यांना उचललं आणि ऑक्टोबर १९५६ पर्यंत स्थानबद्ध ठेवलं. ‘देशभक्त पाद्री’ नावाची सरकारी टोळी उभी केली. १९६१ मध्ये शाळांमधून धर्मशिक्षण काढून टाकलं. क्राकोवच्या शेजारी नोवा हुता हे पोलाद कारखान्याचं नवं शहर वसवलं, आणि समाजवादी माणसाला चर्च कशाला, म्हणून नकाशात चर्चला जागाच ठेवली नाही.

नोवा हुताची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. १९५६ नंतरच्या सैल दिवसांत चर्चसाठी जागा मंजूर झाली, तिथे एक लाकडी क्रूस उभा राहिला. पुढे सरकारचं मन बदललं, त्या जागी शाळा बांधायचं ठरलं आणि २७ एप्रिल १९६० रोजी क्रूस काढायला माणसं आली. त्यांना पहिल्यांदा अडवलं ते आसपासच्या बायकांनी. संध्याकाळपर्यंत पोलाद कारखान्याचे कामगार येऊन मिळाले, दगडफेक झाली, अश्रुधूर सुटला, शेकडोंना अटक झाली. क्रूस मात्र जागचा हलला नाही. चर्च प्रत्यक्षात बांधून व्हायला १९७७ साल उजाडलं. त्याचं उद्घाटन केलं ते क्राकोवचे आर्चबिशप वोइतिवा यांनी. आदर्श समाजवादी शहरातले आदर्श समाजवादी कामगारच क्रूससाठी पोलिसांशी भिडले, हे सत्तेला फार झोंबलं असणार. पण त्या दिवशी कामगारांना रस्त्यावर बोलावणारा कोणी बिशप नव्हता, हेही तितकंच खरं.

म्हणजे सत्तेने चर्चला दाबलं, फोडलं, विकत घ्यायचा प्रयत्न केला आणि शेवटी त्याच्याशी जमवून घेतलं. बंदी घालण्याची तिची ताकद नव्हती.

चर्चचं हे बळ आलं कुठून? १७९५ ते १९१८ या काळात पोलंड नावाचं राज्य नकाशावर नव्हतं. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी ते वाटून घेतलं होतं, आणि पोलिश भाषेत काहीतरी सार्वजनिकपणे चालू राहिलं ते मुख्यतः चर्चमध्ये. हा झाला नेहमी सांगितला जाणारा भाग. दुसरा भाग कमी सांगितला जातो. महायुद्धापूर्वीच्या पोलंडमध्ये कॅथलिक साधारण दोन-तृतीयांश होते. बाकीच्यांत तीस लाखांहून अधिक ज्यू होते, शिवाय युक्रेनियन, बेलारूसी, जर्मन. नाझींनी ज्यूंचा संहार केला, स्टालिनने देशाच्या सरहद्दी पश्चिमेकडे सरकवल्या, जर्मनांना हाकललं गेलं. उरला तो नव्वद टक्क्यांहून अधिक कॅथलिक असलेला देश. ज्याला आपण ‘अस्सल कॅथलिक पोलंड’ म्हणतो तो असा घडला आहे, आणि तो घडवण्यात हिटलर आणि स्टालिन या दोघांचा हात आहे.

सरहद्दी सरकल्याची झळ कोल्हापूरने जवळून पाहिली आहे. वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. पूर्व पोलंडमधून सोव्हिएत पोलिसांनी १९४०-४१ मध्ये त्यांना सायबेरिया-कझाकस्तानकडे नेलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ते इथवर पोचले. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं सोव्हिएत संघात गेली होती. त्यामुळे बरेचजण परतलेच नाहीत, ब्रिटन आणि इतर देशांत पांगले. कम्युनिस्ट राजवटीबद्दलचा पोलिश माणसाचा राग केवळ धर्मापोटी होता असं ज्यांना वाटतं, त्यांनी या लोकांच्या हकिकती वाचाव्यात. त्यात घर, जमीन आणि भूक यांच्याबद्दल जास्त आहे.

"पोप आले आणि लोक उठले"

२ जून १९७९. वॉर्साच्या विजय चौकात उंच क्रूस, लाखोंची गर्दी. ‘आम्हाला देव हवा’ हे एका जुन्या भक्तिगीताचे शब्द आहेत, आणि गर्दीने ते खरोखर गायलं. पोप नऊ दिवस देशभर फिरले. सरकारी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांना हुकूम होता की पोप दाखवा, पाद्री आणि म्हाताऱ्या नन दाखवा, गर्दी दाखवू नका. पण जे चौकात उभे होते त्यांनी गर्दी पाहिलीच होती. गर्दीची व्यवस्था चर्चच्या स्वयंसेवकांनी लावली, पोलीस मागे राहिले आणि तरीही काही बिघडलं नाही. आपण किती आहोत आणि सरकारशिवाय आपलं आपण किती नीट चालवू शकतो, हे लोकांना त्या नऊ दिवसांत डोळ्यांनी दिसलं. या दौऱ्याचं श्रेय मी कणभरही कमी करणार नाही.

पण ‘उठले’ म्हणाल तर ते त्याच्या कितीतरी आधीच उठले होते.

जून १९५६ मध्ये पोझनानच्या कारखान्यांतले कामगार ‘भाकरी आणि स्वातंत्र्य’ मागत निघाले, त्यांच्यावर रणगाडे घातले. किमान ५७ माणसं मेली. डिसेंबर १९७० मध्ये, नाताळ दोन आठवड्यांवर असताना, सरकारने खाद्यपदार्थांच्या किमती वाढवल्या. बाल्टिक किनाऱ्यावरच्या गोद्या पेटल्या. ग्दान्स्कचे कामगार मोर्चा घेऊन पक्षाच्या कार्यालयावर गेले, कार्यालय जळलं, गोळीबार झाला. मग उपपंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून कामावर परत या असं आवाहन केलं. १७ डिसेंबरच्या सकाळी ग्दिनियाचे कामगार त्याप्रमाणे कामावर यायला निघाले आणि रेल्वे स्थानकाजवळ सैन्याने त्यांच्यावरच गोळ्या झाडल्या. त्या आठवड्यात चाळीसहून अधिक माणसं गेली. जून १९७६ मध्ये पुन्हा किमती वाढल्या, राडोम आणि उर्सुसमध्ये पुन्हा उद्रेक झाला. या वेळी गोळ्या नव्हत्या, लाठ्या होत्या. पोलिसांच्या दोन रांगांमधून माणसाला पळवत बडवायचं, या प्रकाराला पोलीस ‘आरोग्याची पायवाट’ म्हणायचे.

१९७६ नंतर एक नवी गोष्ट घडली. बडवलेल्या, नोकरी गेलेल्या कामगारांना पैसे, वकील आणि डॉक्टर मिळवून द्यायला त्याच सप्टेंबरात ‘कामगार संरक्षण समिती’ निघाली. तिच्यात कोण होतं हे पाहण्यासारखं आहे. यात्सेक कुरोन हे एकेकाळचे कट्टर कम्युनिस्ट, पक्षाला डावीकडून झोडणारं जाहीर पत्र लिहिल्याबद्दल तुरुंगात जाऊन आलेले. एडवर्ड लिपिन्स्की हे म्हातारे समाजवादी अर्थशास्त्रज्ञ. आणि यान झ्येया हे पाद्रीही. या मंडळींनी ‘कामगार’ नावाचं चोरटं वृत्तपत्र काढलं, ते कारखान्यांत हातोहात फिरू लागलं. १९७८ मध्ये ग्दान्स्कमध्ये ‘स्वतंत्र कामगार संघटना’ सुरू झाली. तिच्यात आना वालेन्तिनोविच ही क्रेनचालक होती, आन्द्झेय ग्विआझ्दा हा अभियंता होता, नोकरीवरून काढलेला लेख वावेन्सा हा इलेक्ट्रिशियन होता.

हे सगळं पोपच्या दौऱ्याआधीचं आहे. वोइतिवा तेव्हा पोप झालेही नव्हते. दौरा आला तेव्हा माणसं, छापखाने आणि ओळखीपाळखी तयार होत्या.

"चर्चने कामगारांना उभं केलं"

ऑगस्ट १९८० पाहू. ७ ऑगस्टला आना वालेन्तिनोविचला ग्दान्स्कच्या लेनिन गोदीतून काढून टाकलं. पेन्शनला पाच महिने उरले होते. १४ ऑगस्टच्या पहाटे तिघा तरुण कामगारांनी पत्रकं वाटली: आनाला परत घ्या, पगार वाढवा. संप सुरू झाला. वावेन्सा येऊन मिळाला. आणि या वेळी कोणी बाहेर मोर्चा काढला नाही. सगळे गोदीच्या आतच बसून राहिले, कारण १९७० मध्ये बाहेर पडलेल्यांचं काय झालं हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी, १६ तारखेला, व्यवस्थापनाने या गोदीपुरत्या मागण्या मान्य केल्या आणि वावेन्साने संप संपल्याचं जाहीर करून टाकलं. तेवढ्यात शहरातल्या बाकीच्या संपकऱ्यांच्या वतीने हेन्रिका क्शिवोनोस ही ट्रामचालक उसळली: तुम्ही आम्हाला सोडून गेलात तर आम्ही चिरडले जाऊ. आना आणि अलिना प्येन्कोव्स्का ही परिचारिका फाटकांकडे धावल्या आणि घरी निघालेल्यांना अडवायला लागल्या. बरेच कामगार तोवर निघून गेले होते. जे थांबले त्यांच्या जोरावर एका कारखान्याचा संप सगळ्या किनाऱ्याचा झाला. या संपातून निघालेल्या ‘सॉलिडॅरिटी’ या स्वतंत्र कामगार संघटनेचा जन्म कुठल्या क्षणी झाला असं विचारलं तर मी या तीन बायकांचं नाव घेईन. त्यांतली आना स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होती. पण तिला फाटकाकडे पाठवणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दोन नंबरच्या फाटकाशी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना झाली, लाकडी क्रूस उभा राहिला, फाटकावर पोपची तसबीर आणि फुलं लागली. जगभर गेलेले फोटो ते हेच. आणि त्याच फाटकावर दोन लाकडी फळ्या टांगलेल्या होत्या, त्यांवर हाताने रंगवलेल्या २१ मागण्या. फोटो पाहताना आपण क्रूस पाहतो, फळ्या वाचत नाही. पहिली मागणी पक्षापासून स्वतंत्र कामगार संघटनांची. दुसरी संपाच्या हक्काची. तिसरी भाषण-मुद्रणस्वातंत्र्याची, आणि तिच्यातच प्रसारमाध्यमं सर्व धर्मपंथीयांना खुली करण्याची. धर्माचा उल्लेख २१ पैकी एवढ्या एका ठिकाणी आहे. बाकीच्या? महिन्याला २,००० झ्लोती पगारवाढ. मांसासाठी शिधापत्रं. पोलीस आणि पक्षाच्या लोकांच्या खास सवलती बंद. बायकांना पन्नाशीत आणि पुरुषांना पंचावन्नला निवृत्ती. पाळणाघरांत पुरेशा जागा. तीन वर्षांची भरपगारी बाळंतपणाची रजा. सगळ्या शनिवारी सुट्टी. कम्युनिस्ट सरकारकडे कामगारांनी मागितलेली ही यादी आहे. धर्मयुद्धाचा जाहीरनामा तिला कसा म्हणायचा?

मग चर्चच्या वरिष्ठांनी काय केलं? २६ ऑगस्टला, संप ऐन रंगात असताना, चेन्स्तोहोवाच्या यास्ना गुरा मठात कार्डिनल विशिन्स्की यांनी प्रवचन दिलं. शांत राहा, संयम ठेवा, काम करा, मागण्या एकदम पुऱ्या होत नाहीत, असा त्याचा सूर. सरकारला ते इतकं आवडलं की सोयीचे तुकडे कापून दूरचित्रवाणीवर दाखवलं. गोदीत बसलेल्या माणसांना धक्का बसला. काहींना वाटलं सरकारने शब्दच बदलले असतील. दुसऱ्या दिवशी बिशपांच्या मंडळाने कामगारांच्या संघटनेच्या हक्काला पाठिंबा देणारं निवेदन काढून तोल सावरला. संप चालूच राहिला. ३१ ऑगस्टला करारावर सही करताना वावेन्साने पोपचं चित्र असलेलं भलंमोठं पेन वापरलं. मजकूर लिहिणाऱ्यांच्या हाती एवढं पेनच लागलेलं दिसतं.

विशिन्स्कींना भित्रं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. तीन वर्षं स्थानबद्धतेत काढलेला माणूस होता तो, आणि त्याच्या डोळ्यांपुढे सोव्हिएत रणगाडे शिरलेलं १९५६ चं बुडापेस्ट आणि १९६८ चं प्राग होतं. संस्थाप्रमुखाला संस्था वाचवायची असते. संपकरी त्या हिशेबाने चालले असते तर १७ तारखेलाच घरी गेले असते.

नव्या संघटनेला ‘सॉलिडॅरिटी’ हे नाव सुचवलं कारोल मोद्झेलेव्स्की यांनी. कुरोनसोबत ते जाहीर पत्र लिहून तुरुंगात गेलेले हेच ते डावे इतिहासकार. वॉर्साच्या ज्यू वस्तीतल्या १९४३ च्या उठावाचे हयात नेते मारेक एडेलमन हेही सॉलिडॅरिटीत होते, आणि ते ज्यू समाजवादी परंपरेतले, अश्रद्ध. वर्षभरात सभासदसंख्या एक कोटीच्या आसपास गेली, देशाची लोकसंख्या साडेतीन कोटींच्या थोडी वर असताना. एक कोटी माणसांत सगळेच येतात, पक्षाचे सभासददेखील आले होते.

१३ डिसेंबर १९८१ रोजी पक्षप्रमुख आणि पंतप्रधान जनरल यारुझेल्स्की यांनी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा पुकारला. विशिन्स्की त्या मे महिन्यात वारले होते, त्यांच्या जागी युझेफ ग्लेम्प आले होते. त्या संध्याकाळच्या प्रवचनात त्यांनी लोकांना विनवलं: अनवाणी, गुडघ्यांवर येऊन भीक मागावी लागली तरी मागेन, पण पोलिश माणसाने पोलिश माणसाशी लढू नये. रक्तपात टळावा हा हेतू उघड होता. सरकारी रेडिओने ते प्रवचन पुन्हा पुन्हा ऐकवलं, यावरून ते कोणाच्या सोयीचं ठरलं तेही उघड आहे. पुढे उर्सुसच्या कामगारांचे लाडके पाद्री म्येचिस्वाव नोवाक यांची ग्लेम्प यांनी १९८४ मध्ये बदली केली, तेव्हा लोक आपल्याच धर्मप्रमुखाविरुद्ध चर्चमध्ये उपोषणाला बसले.

आणि तरीही या वर्षांतच चर्चची खरी कामगिरी आहे. फक्त ती वरून खाली आलेली नाही. ग्लेम्प यांच्याच नावे निघालेल्या समितीने वॉर्सातल्या सेंट मार्टिन चर्चच्या मठातून स्थानबद्धांच्या घरी औषधं, कपडे, पैसे पोचवले, आणि ते काम करणाऱ्यांत देव न मानणारेही होते. सरकारी दालनांवर बहिष्कार घातलेल्या चित्रकारांनी चर्चमध्ये प्रदर्शनं भरवली, नटांनी तिथे प्रयोग केले, कामावरून काढलेल्या प्राध्यापकांनी तिथे व्याख्यानं दिली. चर्चने दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे चार भिंती, एक तळघर आणि आत शिरण्यापूर्वी पोलिसांना दोनदा विचार करायला लावणारं दार.

यर्झी पोप्येवुश्को या तरुण पाद्र्याची ओळखही अशीच कामगारांकडून झाली. ऑगस्ट १९८० मध्ये वॉर्साच्या पोलाद कारखान्यातल्या संपकऱ्यांना मिस्सेसाठी पाद्री हवा होता, म्हणून तो तिथे गेला आणि त्यांचाच झाला. मार्शल लॉनंतर त्याच्या चर्चमध्ये दर महिन्याला ‘मातृभूमीसाठी मिस्सा’ व्हायची, हजारो लोक बाहेर रस्त्यापर्यंत उभे राहायचे. ग्लेम्प यांनी त्याला खडसावलं, शिकायला रोमला पाठवायची भाषा झाली. १९ ऑक्टोबर १९८४ ला गुप्त पोलिसांच्या तीन अधिकाऱ्यांनी त्याला रस्त्यात पळवलं. ड्रायव्हर चालत्या गाडीतून उडी टाकून निसटला म्हणून बातमी तरी फुटली. ३० तारखेला त्याचं प्रेत व्वोत्स्वावेकच्या धरणाच्या पाण्यात सापडलं. सरकारला आपल्याच अधिकाऱ्यांवर उघड खटला चालवावा लागला, चौघांना शिक्षा झाली. कम्युनिस्ट देशात अशी गोष्ट क्वचितच घडलेली आहे.

चर्चने लोकांना उभं केलं म्हणण्यापेक्षा, उभ्या राहिलेल्या लोकांनी काही पाद्र्यांना आपल्यात ओढलं आणि बिशपांना नाइलाजाने मागे यावं लागलं, असं म्हणणं घडलेल्या गोष्टींशी जास्त जुळतं.

"पोप आणि रेगन यांची हातमिळवणी"

पोप आणि अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन जून १९८२ मध्ये व्हॅटिकनला भेटले, मतं बऱ्याच बाबतींत जुळत होती. अमेरिकेच्या सीआयएने भूमिगत सॉलिडॅरिटीला छपाईची सामग्री आणि पैसा पोचवला, हेही आता लपलेलं नाही. पण रेगन यांनी त्या मोहिमेला मंजुरी दिली ती १९८२ च्या अखेरीस. एक कोटी सभासदांची संघटना त्याआधीच उभी राहून, बंदी येऊन, भूमिगत झाली होती. अमेरिकेच्या आर्थिक निर्बंधांबद्दल म्हणाल तर ते उठवा असं डिसेंबर १९८३ मध्ये खुद्द वावेन्सानेच जाहीरपणे म्हटलं, कारण चटका सामान्य माणसाला बसत होता.

हाच मुद्दा उलट्या बाजूने सांगणारेही आपल्याकडे भेटतात: सॉलिडॅरिटी म्हणजे सीआयए आणि व्हॅटिकनचं कारस्थान, कामगार बिचारे फसले. दोन्ही बाजूंना कामगाराला स्वतःचं डोकं असतं हे मान्य नाही.

"एकही गोळी न झाडता कम्युनिस्ट पळाले"

पोझनान आणि ग्दिनिया वर आलेच आहेत. मार्शल लॉ लागल्यावर तिसऱ्याच दिवशी, १६ डिसेंबर १९८१ ला, कातोवित्सेच्या वुयेक खाणीत संप मोडताना पोलिसांनी नऊ खाणकामगार मारले. ३१ ऑगस्ट १९८२ ला लुबिन गावात निदर्शकांवर गोळीबार झाला, तिघे गेले. १९८९ उजाडलं, वाटाघाटी सुरू व्हायच्या होत्या, तरी त्या जानेवारीत दोन विरोधक पाद्री संशयास्पद रीतीने मेले आणि उन्हाळ्यात तिसरा. मारेकरी कोण हे कधी सिद्ध झालं नाही. गोळी न झाडणारे होते ते आंदोलक. मजकुरात हे श्रेय भलत्याच्या खात्यावर गेलं आहे.

आणि ‘पळाले’? कर्ज ४० अब्ज डॉलरच्या आसपास गेलं होतं, दुकानं रिकामी होती, १९८८ मध्ये तरुण कामगारांचे दोन संप झाले आणि मॉस्कोत गोर्बाचेव्ह होते. सरकार टेबलाशी आलं. गोलमेज परिषद फेब्रुवारी ते एप्रिल १९८९ चालली, चर्चचे प्रतिनिधी साक्षीला होते आणि ती मध्यस्थी मोलाची होती. जूनच्या निवडणुकीत सॉलिडॅरिटीने सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा जिंकल्या, आणि कनिष्ठ सभागृहात लढवता येण्याजोग्या सगळ्या १६१ (बाकीच्या सत्ताधाऱ्यांच्या बाजूला राखून ठेवल्या होत्या). ऑगस्टमध्ये सॉलिडॅरिटीचे तादेउश माझोव्येत्स्की पंतप्रधान झाले. पण जुलैत राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले ते मार्शल लॉवाले यारुझेल्स्कीच, एका मताने. माझोव्येत्स्कींच्या मंत्रिमंडळात गृहखातं जुन्या पोलीसमंत्र्याकडेच राहिलं. १९९५ मध्ये तर तोवर राष्ट्राध्यक्ष असलेल्या वावेन्साला हरवून राष्ट्राध्यक्ष झाला तो एकेकाळचा कम्युनिस्ट मंत्री. पळालं कोणीच नव्हतं.

"जिथे धर्म जिवंत, तिथे कम्युनिझम टिकत नाही"

तिबेट. तिथे धर्मही जिवंत आहे आणि कम्युनिस्ट राजवटही. इथे थांबलं तरी चालेल, पण थोडं पुढे जाऊ.

चेक लोक युरोपातल्या सर्वांत कमी धार्मिक समाजांपैकी एक. त्यांची राजवट नोव्हेंबर १९८९ मध्ये पंधरवड्याच्या आत ढासळली. पूर्व जर्मनीत बहुसंख्य लोक तोवर कुठल्याच चर्चचे सभासद उरले नव्हते. तरीही लाइपझिगच्या सेंट निकोलस चर्चमधल्या सोमवारच्या शांतता-प्रार्थना हे आंदोलनाचं केंद्र बनलं, आणि ९ ऑक्टोबर १९८९ ला तिथून सुमारे सत्तर हजार लोकांचा मोर्चा निघाला. त्यांतल्या किती जणांना प्रार्थना येत होती कोण जाणे. रोमेनिया उलट भरपूर धार्मिक. तिथे तिमिश्वारात लोक गोळा झाले ते लास्लो तोकेश या हंगेरियन प्रॉटेस्टंट पाद्र्याला घराबाहेर काढू नये म्हणून, आणि त्याच दिवसांत ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख तेओक्तिस्त कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूला अभिनंदनाची तार पाठवत होते. एकाच देशात, एकाच आठवड्यात धर्म दोन्ही बाजूंना होता.

"म्हणूनच पोलंड आजही चर्चशी एकनिष्ठ आहे"

मजकुराच्या काही आवृत्त्यांत हे शेपूट असतं. १९८९ नंतर चर्चने आपल्या कामगिरीचं बिल लावलं: १९९० पासून धर्मशिक्षण पुन्हा शाळांत आलं, १९९३ मध्ये गर्भपातावर कडक कायदा झाला. मग जुन्या फायली उघडल्या आणि काही पाद्री गुप्त पोलिसांना माहिती पुरवत होते हे बाहेर आलं. जानेवारी २००७ मध्ये वॉर्साचे नवे आर्चबिशप स्तानिस्वाव व्येल्गुस यांना पदग्रहणाच्या समारंभातच, भरल्या कॅथेड्रलमध्ये, राजीनामा वाचून दाखवावा लागला. चर्च स्वतःच दरवर्षी रविवारच्या मिस्सेची उपस्थिती मोजतं. मार्शल लॉच्या काळात, १९८२ मध्ये, ती ५७ टक्के होती. २०२१ मध्ये २८ टक्क्यांच्या आसपास आली. ऑक्टोबर २०२० मध्ये गर्भपाताचे नियम आणखी आवळले गेले तेव्हा देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, आणि काही ठिकाणी मिस्सा चालू असताना चर्चमध्ये शिरून त्यांनी फलक धरले.